गोष्ट पूर्ण सांग, मग थोडी थांब

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. संडे स्कूलमधला सात ते नऊ वर्षांच्या मुलांचा गट आता तुझ्याकडे येतोय हे वाचून मनापासून आनंद झाला. "मला शास्त्र तेवढं कुठे येतं? मी काय शिकवणार?" असं तू लिहिलं आहेस. शास्त्राचं भय वाटतंय, ते चांगलं आहे. ते राहू दे. पण मुलांना दर रविवारी शास्त्रपंडित लागत नाही. गोष्ट नीट सांगणारं आणि त्यांचं नीट ऐकणारं एक मोठं माणूस लागतं. तुझ्याकडून मला एवढंच हवं आहे. त्यासाठी काय करावं लागतं, ते जमेल तसं लिहिते.

तयारी शनिवारी रात्रीवर टाकू नकोस. सोमवारी किंवा मंगळवारी तो उतारा शिक्षकांच्या पुस्तकातून नव्हे, थेट पवित्र शास्त्रातून वाच. मोठ्याने वाच. दोन दिवसांनी पुन्हा वाच. आपण लहानपणापासून इतकी चित्रं पाहिलेली असतात की शास्त्रात काय आहे आणि चित्रात काय होतं, यांची सरमिसळ झालेली असते. बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक किती होते, हे शुभवर्तमान लिहिणारा मत्तय सांगत नाही. देणग्या तेवढ्या तीन होत्या. एदेन बागेतलं फळ सफरचंद होतं असं उत्पत्तीत कुठेही नाही. येशूच्या जन्माच्या वेळी उतारशाळेत जागा नव्हती एवढंच लूक सांगतो. दारातून हाकलून देणारा मालक नाताळच्या नाटकांनी आणला. योनाला गिळलं ते मोठ्या माशाने; तो देवमासा होता असं शास्त्र म्हणत नाही.

हे मी चुका काढण्यासाठी सांगत नाही. तुझ्या गटातलं मूल उद्या मोठं होऊन स्वतः शास्त्र उघडेल, तेव्हा तू सांगितलेली गोष्ट त्याला तिथे सापडली पाहिजे. ती सापडली, की तू सांगितलेल्या बाकीच्या गोष्टींवरही त्याचा विश्वास बसेल.

आणि शास्त्रात जे बारकावे आहेत, ते गाळू नकोस. वादळात तारवात झोपलेल्या येशूच्या डोक्याखाली उशी होती, हे मार्क आठवणीने सांगतो. पाच हजारांना जेवू घालण्याआधी लोकांना हिरव्या गवतावर बसवलं, हेही तोच सांगतो. याईराची बारा वर्षांची मुलगी उठून चालू लागते, सगळे थक्क होतात, आणि येशू म्हणतो, हिला काहीतरी खायला द्या. हे ऐकताना मुलांचे चेहरे बघ. मेलेली मुलगी उठली याच्याइतकंच तिला भूक लागली असेल हे त्याच्या लक्षात आलं, हे मुलांना फार मोठं वाटतं. मला आजही वाटतं.

सांगताना सगळ्यांनी गोल बसा, तूही त्यांच्याच उंचीवर बस. शास्त्र मांडीवर उघडं असू दे, म्हणजे गोष्ट कुठून येते आहे हे त्यांना दिसेल. पण नजर मुलांकडे ठेव. आवाज बदलून नाटक करायची गरज नाही. हळू बोल, आणि गोष्ट जिथे थांबते तिथे तूही थांब. मध्येच थांबून "म्हणजे बघा मुलांनो, आपणही असंच..." असं मात्र अजिबात करू नकोस. या वयाची मुलं आठ-दहा मिनिटं मन लावून ऐकतात. ती सगळी मिनिटं गोष्टीला दे.

आता तुला सगळ्यात महत्त्वाचं वाटावं असं सांगते. आपल्याकडे गोष्ट संपली रे संपली की तात्पर्य येतं. जक्कयाची गोष्ट: लबाडी करू नये. दाविदाची: शूर व्हावं. उधळ्या पुत्राची: आईवडिलांचं ऐकावं. यात खोटं काही नाही, पण तात्पर्य कानावर पडताच मुलाचा विचार तिथेच थांबतो. मोठ्यांना हवं होतं ते मिळालं, आता सुटका, हे मुलं फार लवकर शिकतात. म्हणून तर काहीही विचारलं की हात वर करून "येशू!" म्हणणारं एक मूल प्रत्येक गटात असतं.

येशूने स्वतः नेहमी असं केलं नाही. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात धाकटा मुलगा परत आला म्हणून मेजवानी चालू असते, शेवटी बाप बाहेर येऊन रुसलेल्या मोठ्या मुलाची समजूत घालतो, आणि दाखला तिथेच संपतो. मोठा भाऊ मेजवानीला आत गेला की नाही, हे लूकच्या 15व्या अध्यायात कुठेच नाही. योनाचं पुस्तक तर देवाच्या प्रश्नावरच संपतं: डावा-उजवा हात न कळणारी 1,20,000 पेक्षा जास्त माणसं आणि इतकी गुरंढोरं त्या निनवे शहरात आहेत, तर मी तिची कीव करू नये काय? योनाचं उत्तर लिहिलेलंच नाही. तो प्रश्न ऐकणाऱ्यासाठी मोकळा सोडलेला आहे. तू तो आपल्या उत्तराने बुजवू नकोस. "मोठा भाऊ आत गेला असेल का रे?" एवढं विचार आणि गप्प बस.

गप्प बसणं ही या कामातली सर्वांत अवघड गोष्ट आहे. प्रश्न विचारल्यावर पसरणारी शांतता नव्या शिक्षकाला खायला उठते आणि तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो. मनातल्या मनात सावकाश दहा आकडे मोज. बहुतेक वेळा सातव्या-आठव्या आकड्याला कोणीतरी बोलतं, आणि ते नेहमी बोलणारं मूल नसतं.

प्रश्नही निवडून घे. नोहाचं तारू किती हात लांब होतं, पाऊस किती दिवस पडला, असे प्रश्न दोन-तीन चालतील. मुलांना आकडे आवडतात आणि लाजरं मूलही "चाळीस दिवस" म्हणू शकतं. पण त्यांना गोष्टीच्या आत न्यायचं असेल तर वेगळं विचारावं लागतं. या गोष्टीत तू कुठे उभी असतीस? कोणाला काहीतरी म्हणायचं होतं पण म्हणता आलं नाही? कुठल्या जागी तुला भीती वाटली? यांना चुकीचं उत्तर नसतं. एखादं मूल म्हणेल, मी योनाच्या तारवातला खलाशी असतो. त्याला सुधारू नकोस. का, ते विचार. योनाला समुद्रात टाकण्याआधी त्या खलाशांनी किनारा गाठायची खूप धडपड केली होती, हे त्याच्या लक्षात आलेलं असू शकतं. कित्येक मोठ्यांच्या येत नाही.

शमुवेलाची गोष्ट घेऊन हे नीट दाखवते, कारण ती लवकरच तुझ्या वाट्याला येईल. आपण ती जवळजवळ नेहमी अर्धीच सांगतो. रात्र आहे, परमेश्वराचा दीप अजून विझलेला नाही, लहान शमुवेल झोपला आहे. हाक येते. तो म्हाताऱ्या याजकाकडे, एलीकडे धावतो. असं तीनदा होतं. चौथ्या वेळी तो म्हणतो, बोल, तुझा दास ऐकत आहे. इथे आपण थांबतो आणि सांगतो, शमुवेलासारखे आज्ञाधारक व्हा.

पण 1 शमुवेलचा 3रा अध्याय पुढेही आहे. देव त्या मुलाला जे सांगतो ते भयंकर आहे: एलीच्या मुलांनी दुष्टाई केली, एलीने त्यांना आवरलं नाही, म्हणून त्याच्या घराण्याला शिक्षा होणार. ज्या म्हाताऱ्याने त्याला वाढवलं, त्याच्याचविषयीचं हे बोलणं. शमुवेल सकाळपर्यंत पडून राहतो. मग उठून मंदिराची दारं उघडतो, जणू काही झालंच नाही. एलीला सांगायची त्याला भीती वाटते. आणि मग एलीच त्याला बोलावतो: माझ्या मुला, काय सांगितलं ते माझ्यापासून लपवू नकोस. शमुवेल सगळं सांगतो. एली रागावत नाही, पोराला खोटं ठरवत नाही. तो परमेश्वर आहे, त्याला बरं वाटेल ते तो करो, एवढंच म्हणतो.

ही गोष्ट शेवटपर्यंत सांग. मोठ्या माणसाच्या दोषाचं ओझं मनात घेऊन रात्रभर जागं राहणारं मूल तुझ्या गटातही असू शकतं. घरातली भांडणं, कोणाचं पिणं, कोणाचा मार, कोणाचा नको तो स्पर्श. त्याला कळू दे की शास्त्रात असं एक मूल आहे, आणि "लपवू नकोस" म्हणणारं एक मोठं माणूसही आहे.

आणि एखाद्या रविवारी वर्ग सुटल्यावर कोणी मागे रेंगाळून तुला असं काही सांगितलं, तर एलीसारखी शांतपणे ऐक. "कोणालाही सांगणार नाही" असं वचन देऊ नकोस. ते पाळता येत नाही. "तू मला सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही, आणि तुला मदत करू शकतील अशांना मी हे सांगणार आहे," असं म्हण. खोदून खोदून प्रश्न विचारू नकोस. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेव आणि मंडळीत मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांना त्याच दिवशी सांग. मंडळीचं नाव जाईल म्हणून गप्प राहा असं कोणी सांगितलं, तर ऐकू नकोस. मुलांच्या संरक्षणासाठी कायद्याने नेमलेले लोक असतात, त्यांच्याकडे जा. एलीचं घराणं बुडालं ते घरातली दुष्टाई आवरली नाही म्हणूनच. आणखी एक, वर्गात नेहमी दोन मोठी माणसं असावीत आणि दार उघडं असावं. आग्रह धरून हे मागून घे.

"देवबाप" म्हणतानाही समोरच्या प्रत्येक मुलाकडे एकदा बघून घे. कोणाचे वडील नाहीत, कोणाला वडिलांची धास्ती आहे. "देव तुमच्या पप्पांसारखा आहे" असं म्हणू नकोस. देव कसा आहे हे गोष्टीतून दाखव: लांबून मुलाला ओळखून धावत सुटलेला, हरवलेल्या एका मेंढरासाठी नव्याण्णव सोडून निघालेला.

कठीण गोष्टी येतील. जलप्रलय म्हणजे रंगीत प्राण्यांची सहल नव्हे; बाकीच्या लोकांचं काय झालं, हे एखादं मूल विचारणारच. ते मेले, आणि देवाला मनापासून दुःख झालं होतं असं उत्पत्तीच्या 6व्या अध्यायात लिहिलं आहे, एवढं खरं सांग. बुडण्याची वर्णनं नकोत. अब्राहामाने आपल्या मुलाला, इसहाकाला, बळी देण्यासाठी वेदीवर ठेवल्याची गोष्ट मी या वयाला सांगत नाही. कोणी विचारलंच तर देवाने अब्राहामाचा हात थांबवला, हे आधी सांगते. "मलाही हे पूर्ण कळत नाही" असं म्हणायला घाबरू नकोस.

"प्रार्थना केलीस तर आजी बरी होईल" असं वचन मात्र कधीही देऊ नकोस. आजी गेली तर ते मूल आपली प्रार्थना कमी पडली असं समजेल, आणि ते ओझं पुढे कित्येक वर्षं वाहील. 13वं स्तोत्र त्याला वाचून दाखव: हे परमेश्वरा, कोठवर? देवाला असंही विचारता येतं, हे कळलेलं मूल प्रार्थना सोडत नाही. नरकाची भीती घालून, येशूला स्वीकारलं म्हणून हात वर करायला लावणं मला मुळीच मान्य नाही. येशूने बालकांना कवटाळलं, त्यांच्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, असं मार्कच्या 10व्या अध्यायात आहे. त्याने त्यांच्याकडून काही कबूल करून घेतलं नाही.

गीतं, चित्रं, चिकटकाम याविषयी तुला माझ्यापेक्षा जास्त सुचेल. पाठांतराची वचनं सगळ्यांनी मिळून म्हणा. त्यांत पहिला-दुसरा नंबर नको. कोणालाही अचानक वाचायला उभं करू नकोस. 1780 मध्ये रॉबर्ट रेक्सने ग्लॉस्टरमध्ये संडे स्कूल सुरू केलं, ते आठवडाभर कामावर राबणाऱ्या, वाचता न येणाऱ्या मुलांसाठी. अडखळत वाचणाऱ्या मुलाला तिथेच लाज वाटली, तर आपण मूळ कामच विसरलो. चुळबुळ करणाऱ्याला काम दे: शास्त्र आणणं, दिवा लावणं. सगळी उत्तरं येणाऱ्याला सांग, "तुझं मला हवं आहे, पण तिसऱ्यांदा विचारेन तेव्हा."

शास्त्रात मुलं कुठे कुठे आहेत ते शोधून ठेव. पेटीवर लांबून नजर ठेवणारी मोशेची बहीण. सेनापती नामानाच्या घरात धरून आणलेली ती मुलगी, जिने आपला धनी संदेष्ट्याकडे गेला तर बरा होईल असं धनिणीला सांगितलं. तिचं नावही लिहिलेलं नाही. पाच जवाच्या भाकरी आणि दोन मासळ्या असलेला मुलगा, ज्याचा उल्लेख शुभवर्तमान लिहिणाऱ्या चौघांपैकी फक्त योहान करतो. मुलं मुलांकडे आधी बघतात.

पहिल्या रविवारी मार्कच्या 2ऱ्या अध्यायातली, छप्पर उघडून पक्षघाती माणसाला येशूपुढे खाली सोडणाऱ्या चौघांची गोष्ट घे असं मी म्हणेन. तिच्यात गर्दी आहे, मोडतोड आहे, मैत्री आहे, आणि "घराच्या मालकाला काय वाटलं असेल?" हा प्रश्न मुलं आपणहून विचारतात. शेवटी प्रार्थनेसाठी कोणाला काय मागायचं आहे ते विचार आणि घरी गेल्यावर प्रत्येकाच्या नावापुढे लिहून ठेव. आठवडाभर ती वही जवळ ठेवून त्यांच्यासाठी प्रार्थना कर, आणि पुढच्या रविवारी ते मूल दारातून आत येताच विचार, "तुझी आजी कशी आहे आता?"

तुझी,
मावशी