बीटा-ग्लुक्युरोनिडेजचे आकडे जुळत नाहीत? आधी नमुना कशात ठेवला ते सांगा

तुम्ही दोन गोष्टी एकत्र विचारल्यात. एमएस्सीच्या प्रकल्पात विष्ठेतल्या जिवाणूंच्या बीटा-ग्लुक्युरोनिडेजचे (रेणूंना जोडलेलं ग्लुक्युरॉनिक आम्ल तोडून वेगळं करणारं एन्झाइम) आकडे एकाच नमुन्यातही जुळत नाहीत, ही पहिली. आईच्या ‘गट रिपोर्ट’मध्ये (आतड्याच्या तपासणीच्या अहवालात) हेच एन्झाइम ‘हाय’ आलंय आणि सोबत गोळ्या सुचवल्यात, ही दुसरी. आधी प्रकल्पाचं बघू.

‘१६एस सिक्वेन्सिंग झालंय, मग अ‍ॅक्टिव्हिटी (एन्झाइम प्रत्यक्षात किती काम करतं ते) कशाला मोजायची’ हे तुमच्या गाईडचं म्हणणं मला पटत नाही. १६एस म्हणजे जिवाणूंची ओळख पटवणारा एक जीन; तो वाचून आतड्यात कोण कोण राहतं ते कळतं, फार तर जीन्सचा अंदाज बांधता येतो. पण घरात शिलाई मशीन आहे म्हणून रोज कपडे शिवले जातात असं थोडंच आहे! शिवाय हे एन्झाइम एकाच साच्याचं नाही. माणसाच्या आतड्यातल्या जिवाणूंच्या जीनसाठ्यातून २०१७ साली अशी २७९ वेगवेगळी प्रथिनं शोधून काढली गेली आणि सक्रिय जागेजवळच्या (जिथे तोडण्याचं काम होतं तिथल्या) लूपच्या, म्हणजे प्रथिनाच्या वळणाच्या, रचनेवरून त्यांचे सहा गट पाडले गेले. काही लहान रेणू झटपट तोडतात, काहींचा कल मोठ्या शर्करा-साखळ्यांकडे असतो. म्हणजे तुमचा आकडा ‘बीटा-ग्लुक्युरोनिडेजचा’ नसतो, तुम्ही वापरलेल्या सबस्ट्रेटवरचा (एन्झाइमला तोडायला दिलेल्या रेणूवरचा) असतो. प्रबंधात हे स्पष्ट लिहा.

हा फरक किती महागात पडू शकतो ते आयरिनोटेकान या कर्करोगाच्या औषधात दिसतं. शरीरात त्याचं सक्रिय रूप, एसएन-३८, तयार होतं. यकृत त्याला ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडून निष्क्रिय करतं आणि पित्तावाटे आतड्यात सोडतं. तिथे जिवाणूंचं एन्झाइम ती जोडणी तोडतं, औषध पुन्हा जागं होतं, आतड्याचं अस्तर सोलवटतं आणि रुग्णाला जुलाब लागतात. फक्त जिवाणूंचं एन्झाइम रोखलं तर उंदरांमध्ये हे जुलाब टळतात, हे २०१० मध्ये दाखवलं गेलं. पण सगळे गट एसएन-३८चं बंधन सारख्याच वेगाने तोडत नाहीत. त्यामुळे सबस्ट्रेट तुटला की पिवळा रंग येतो त्या साध्या चाचणीवरून ‘या रुग्णाला जुलाब होणारच’ असं सांगता येत नाही.

आता प्रत्यक्ष काम. नमुना डीएनए टिकवणाऱ्या द्रावणात आणला असेल तर विषय संपला. त्या द्रावणात डीएनए सुखरूप राहतो, एन्झाइमची वाट लागते. नमुना ताजा घ्या, नीट कालवून लहान वाट्यांत विभागा आणि लगेच उणे ८० अंशांवर टाका. एक वाटी एकदाच वितळवायची. विष्ठा एकजिनसी नसते, दोन टोकांचे तुकडे वेगळं उत्तर देतात. एकाच नमुन्याचे आकडे न जुळण्याचं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं.

पीएच ६.८च्या आसपास ठेवा. आपल्या पेशींचंही स्वतःचं बीटा-ग्लुक्युरोनिडेज असतं, पण ते लायसोसोममधलं (पेशीतल्या पचनाच्या पिशवीतलं), त्याला ४.५च्या जवळची आम्लता लागते. सबस्ट्रेट तुटून सुटलेल्या पॅरा-नायट्रोफिनॉलचा पिवळा रंग खुलतो तो अल्कधर्मी द्रावणात. प्रक्रिया थांबवताना सोडियम कार्बोनेट घातलं नाही तर ४०५ नॅनोमीटरवर निम्माही रंग मिळणार नाही आणि तुम्ही एन्झाइमला नावं ठेवत बसाल. विष्ठेचा अर्क स्वतःच तपकिरी-पिवळा असतो, म्हणून प्रत्येक नमुन्याचा सबस्ट्रेटविना ब्लँक (वजा करायची तुलनेची नळी) लावा. स्टँडर्ड कर्व्हही (माहीत असलेल्या प्रमाणांवरून काढलेली मोजणीची रेषा) त्याच अर्कात काढा, नुसत्या बफरमध्ये नको. फ्लुरोसंट सबस्ट्रेट वापरलात तरी ही काळजी चुकत नाही, कारण अर्क प्रकाशही गिळतो. एका नळीत हे एन्झाइम रोखणारं सॅकरोलॅक्टोन घाला, रंग यायचा थांबला पाहिजे. नाही थांबला तर तुम्ही भलतंच काही मोजताय. वेळेच्या तीन-चार टप्प्यांवर वाचन घ्या, रेष सरळ आहे तेवढाच भाग धरा. पेशी फोडल्या की अखंड ठेवल्या, हेही लिहा. शेवटी आकडा प्रथिनाच्या मिलिग्रॅमवर किंवा सुक्या वजनावर द्या. ओल्या वजनावर दिलात तर जुलाब असलेल्या माणसाची अ‍ॅक्टिव्हिटी उगाच कमी दिसेल.

जिवाणूंचं एन्झाइम मोजून निदान होतच नाही असं नाही. हेलिकोबॅक्टर पायलोरीची युरिया ब्रेथ टेस्ट नेमकी तीच आहे (जठरातली खरी, आतड्यातली नव्हे). कार्बन-१३ची खूण असलेला युरिया पाजतात, जिवाणूचं युरिएज तो तोडतं आणि अर्ध्या तासाच्या आत श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये ती खूण सापडते. ही चाचणी चालते कारण आपल्या पेशींत युरिएज नाही, आणि आम्लाने भरलेल्या जठरात ते बनवणारे दुसरे जिवाणू फारसे टिकत नाहीत. तरीही चाचणीआधी आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद ठेवावे लागतात, नाहीतर जिवाणू असूनही निकाल निगेटिव्ह येऊ शकतो.

बीटा-ग्लुक्युरोनिडेज मात्र प्रत्येक निरोगी आतड्यात असतंच, आणि आहार, अँटिबायोटिक, शौचाचा पातळपणा यांनुसार बदलतं. म्हणून आईच्या रिपोर्टमधला एकटा ‘हाय’ हा आजार नाही. त्या लॅबला विचारा: नमुना किती वेळ बाहेर होता, सबस्ट्रेट कोणता, मर्यादा कोणत्या लोकांवरून ठरवली? उत्तर आलं नाही तर गोळ्यांवर पैसे घालू नका. आईंना त्रास काय होतोय ते तुम्ही लिहिलेलंच नाही. वजन उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा जुलाब थांबत नसतील तर हा कागद बाजूला ठेवून पोटविकारतज्ज्ञांना दाखवा.