आप्पलपोटी कोण?

"मॅडम, नाही म्हणलं की माणूस मतलबी होतंय का?" हा प्रश्न माझ्याकडं कुणी ना कुणी घेऊन येतंच. यावेळी लातूरकडच्या एक अंगणवाडी सेविका आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

पर्समधून त्यांनी हक्कसोडपत्राची झेरॉक्स काढली. घड्या घालून घालून कागद फाटायला आलेला. वडील वारल्यावर भावानं सही मागितली, या 'थांब' म्हणाल्या. तेव्हापासून माहेरी यांचं नाव आप्पलपोटी. "भाऊ गावभर सांगायलाय, बहिणीनं माझ्या ताटातलं ओढलं."

कायदा त्यांना ठाऊक होता. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मानंच मुलाइतका वाटा आहे. वकिलाला विचारून झालं होतं. गाडी अडली होती त्या शब्दापाशी.

म्हणून शब्दच उलगडला. मतलब मूळचा अरबी, उर्दूवाटे आपल्या बोलण्यात मुरलेला. मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामाचा अंमल, मग मुरणारच. मतलबी माणूस गोड बोलतो, काम झालं की ओळख विसरतो. 'कामापुरता मामा' म्हणतात ते त्यालाच. आप्पलपोट्या गोड बोलायचेही कष्ट घेत नाही. शेजारचं पान रिकामं दिसत असताना आपल्याच पानात वाढून घेतो.

"मग तुम्ही कुणाचं पान रिकामं ठेवलं?"

गप्प. झेरॉक्सच्या मागं दिलं-घेतलं लिहायला लावलं. दिलं: वडिलांच्या दवाखान्यासाठी मोडलेली बोरमाळ, भावाच्या बोअरला चाळीस हजार. घेतलं: दिवाळीची साडी. पेन ठेवलं, परत उचललं. "आन् पहिलं बाळंतपण. आईनं केलं." प्रामाणिक बाई. (सगळेच असे नसतात. एकदोघांना मला समोरच्याचं रिकामं पान दाखवावं लागलंय.)

"आप्पलपोटी पहिल्यांदा कधी म्हणाले?"

"सही नाही केली त्या दिवशी."

"आणि बोरमाळ मोडली तेव्हा?"

"तवा मी लक्ष्मी होते!" म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. डोळे मात्र भरलेले.

सही अजून केलेली नाही. पंचमीला भाऊ न्यायला आला नाही, तर पोळ्यांचा डबा घेऊन या एसटीनं गेल्या. भावजयीनं चहा दिला. भाऊ शेतात होता. डबा मात्र धुऊन परत आला, आत मूठभर शेंगा.