होम थिएटर प्रोजेक्टर घेताना दुकानात मेनू आणि सेटअपमध्ये काय तपासावं?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की चाळीसगावला वरच्या मजल्यावरची १२ बाय १५ फुटांची खोली सिनेमासाठी ठेवली आहे, आणि दुकानदार मेनू उघडून "बघा किती ऑप्शन आहेत" एवढंच सांगतो. ऑप्शन मोजत बसू नका. रिमोट मागून घ्या आणि आधी चित्र पडद्यावर नीट चौकोनी बसतं का ते बघा.

खरी परीक्षा इथेच होते. लेन्स शिफ्ट असेल तर लेन्सच वर-खाली सरकते, चित्र जसंच्या तसं राहतं. कीस्टोनमध्ये तिरकं पडलेलं चित्र मशीन दाबून चौकोनी करतं, म्हणजे १९२० बाय १०८० मधले काही पिक्सेल वाया जातात. मेनूतला टेस्ट पॅटर्न लावा, बारीक चौकटींचा, आणि कीस्टोन चार-पाच घरं सरकवून पडद्याजवळ जाऊन बघा. सरळ रेघा कुठे जाड, कुठे बारीक, मध्येच पायरी पडल्यासारख्या दिसतील. चित्राबाहेर फिकट करडी पट्टीही उरते. अंधाऱ्या सीनमध्ये ती फार खुपते. चालू करताच "आपोआप" चौकोन जुळवणारी मॉडेल्स सध्या जोरात विकतात. तोही कीस्टोनच आहे, म्हणून तो कायमचा बंद करता येतो का हे जरूर विचारा. तुमच्या खोलीत लेन्स शिफ्टवाल्या मशीनसाठी थोडे जास्त पैसे मोजावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

अंतराचा हिशोब सोपा आहे. १०० इंची पडद्याची रुंदी साधारण २२१ सेंटीमीटर. थ्रो रेशो, म्हणजे पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी, १.५ असेल तर मशीन ३.३ मीटरवर, म्हणजे सुमारे ११ फुटांवर येईल. तुमच्याकडे जागा पुरेशी आहे.

आता मेनू. ब्राइटनेस बदलताना अख्खा मेनू चित्राच्या मधोमध उभा राहत असेल तर काय बदललं ते दिसणार कसं? चांगल्या मशीनमध्ये तेवढीच एक पट्टी खाली उरते. ब्राइटनेसने काळा रंग जुळतो आणि कॉन्ट्रास्टने पांढरा. काळ्या केसांतल्या बटा आणि पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्या दोन्ही दिसल्या की थांबा. दुकानात बहुतेक वेळा डायनॅमिक मोड लावलेला असतो, त्यात बऱ्याच मशीनवर चेहरे हिरवट दिसतात. सिनेमा मोड लावा, कलर टेंपरेचर (पांढरा रंग पिवळसर की निळसर दिसेल ते ठरवणारी सेटिंग) ६५०० केल्विनच्या आसपास ठेवा, मगच दोन मॉडेल्सची तुलना करा. सेट-टॉप बॉक्स आणि लॅपटॉपची सेटिंग वेगवेगळी लक्षात राहते का, तेही बघा. नाहीतर रोज तीच कटकट.

आपल्या खान्देशात उन्हाळ्याचा विचार आधी करावा लागतो. बऱ्याच प्रोजेक्टरच्या पुस्तिकेत चालवायचं तापमान ३५ किंवा ४० अंशांपर्यंतच दिलेलं असतं, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ला जातो. त्यामुळे स्लॅबखालच्या खोलीत दुपारी कूलर लावूनही जपूनच चालवा. इको मोडमध्ये दिव्याची उष्णता आणि पंख्याचा आवाज दोन्ही कमी होतात. तो मोड लावून चित्र पुरेसं उजळ वाटतं का ते दुकानातच ठरवा. हाय अल्टिट्यूड मोड बंदच राहू द्या. तो साधारण १५०० मीटरच्या वरच्या गावांसाठी असतो आणि आपलं तोरणमाळसुद्धा १२०० मीटरच्या आत आहे.

वीज येताच मशीन चालू करणारा डायरेक्ट पॉवर ऑन बंद ठेवा. लाइट जाऊन परत आली आणि घरी कोणी नसलं, तर दिवा उगाच जळत राहील.

शेवटचं, फिल्टरचं झाकण कुठे आहे ते बघा. आपल्याकडच्या धुळीत तो वरचेवर साफ करावा लागतो. झाकण बाजूला असेल तर स्टुलावर उभं राहून काम होतं. तळाला असेल तर उलटं टांगल्यावर ते छताकडे जातं आणि दर वेळी अख्खं मशीन खाली उतरवावं लागतं.