जागतिक दर्जाचे असूनही अनेक मॅरेथॉनपटूंना नोकरी करून का धावावं लागतं?

तुमचा प्रश्न असा आहे की २ तास १० मिनिटांत मॅरेथॉन धावणारा आणि केनियाचा दिग्गज मॅरेथॉनपटू एलियड किपचोगे यांच्या वेगात फरक जेमतेम सात टक्क्यांचा. मग कमाईत जमीन-अस्मानाचा फरक का? मी हौशी धावपटू आहे, पण या शर्यतींचे निकाल कोळून प्यायलेला, म्हणून लिहितोय.

आधी त्या सात टक्क्यांबद्दल. किपचोगेने २०२२ मध्ये बर्लिनला २:०१:०९ ची वेळ दिली. त्याने फीत ओलांडली त्या क्षणी २:१० च्या गतीने धावणाऱ्याला अजून पावणेतीन किलोमीटरहून जास्त धावायचं असतं. टीव्हीच्या चित्रात तो कुठेच नसतो, आणि बुटांच्या कंपन्या पैसे देतात ते चित्रात दिसणाऱ्याला. १९६९ मध्ये डेरेक क्लेटनचा विश्वविक्रम २:०८:३३ होता, म्हणजे आजचा हा 'दुय्यम' खेळाडू त्या काळी विक्रमाच्या आसपास असता. पण त्याचं आज कोणाला काय!

तरी माझ्या मते खरी दरी वेगाची नाही. एखादी शर्यत वाईट गेली तर ती कोणाला परवडते, यात ती आहे. किपचोगेच बघा. २०२० ला लंडनमध्ये आठवा, २०२३ ला बोस्टनमध्ये सहावा, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तर शर्यत अर्धवट सोडली. तरी २०२५ मध्ये लंडन, सिडनी आणि न्यूयॉर्क या तिन्ही ठिकाणी तो आकर्षणाचं केंद्र होता. ताऱ्याला नुसतं सुरुवातीच्या रेषेवर उभं राहण्याचेही पैसे मिळतात (आकडे सहसा गुप्त ठेवतात), शिवाय बुटांचा करार असतो. बक्षीस त्याच्यासाठी वरकमाई.

खालच्या फळीतल्याचं सगळं बक्षिसावर. पूर्ण ताकदीने मॅरेथॉन वर्षात दोन, फार तर तीन होतात. त्यातली एक पोटदुखीत गेली की निम्मं वर्ष गेलं. बरं, बक्षिसांची उतरणही भयंकर असते. पॅरिसला जागतिक अॅथलेटिक्स संघटनेने प्रत्येक स्पर्धेत फक्त सुवर्णविजेत्याला ५०,००० डॉलर दिले. रौप्य आणि कांस्यविजेत्यांना तिच्याकडून एक पैसाही नाही. जे मिळतं त्यातून एजंटचा वाटा आणि कर जातो तो वेगळाच. केनियाच्या धावपटूची अडचण आणखी मोठी: ऑलिंपिकला एका देशाचे तीनच जण जातात, त्यामुळे २:०५ धावूनही घरी बसावं लागू शकतं.

मग काही जण पेसमेकर होतात, म्हणजे ताऱ्याला ठरावीक अंतरापर्यंत ठरावीक गती लावून द्यायची आणि बाजूला व्हायचं. कमी जोखमीचे, ठरलेले पैसे. कधी गंमतही होते. २००३ ला बर्लिनमध्ये पॉल टेरगाटने २:०४:५५ चा विश्वविक्रम केला, आणि त्याच्यासाठी गती लावणारा सॅमी कोरिर बाजूला झालाच नाही. तो फक्त एका सेकंदाने मागे राहिला!

क्वचित हवामान सगळी उतरंड उलटी करतं. २०१८ ची बोस्टन मॅरेथॉन गारठवणाऱ्या पावसात आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यात झाली आणि अनेक नामवंतांनी मध्येच शर्यत सोडली. पुरुषांत जिंकला युकी कावाउची, जपानमधल्या एका शाळेत कारकुनी करणारा. महिलांत दुसरी आली सारा सेलर्स, पूर्णवेळ भूलतज्ज्ञ नर्स. प्रवेश शुल्क स्वतःच्या खिशातून भरून ती आली होती आणि ७५,००० डॉलर घेऊन गेली. अशा दिवसाच्या भरवशावर संसार मात्र चालत नाही.

यावर मला पटलेला उपाय जपानमध्ये दिसतो. तिथे कंपन्यांचे स्वतःचे धावण्याचे संघ असतात. धावपटू कंपनीचा कर्मचारी, महिन्याला पगार, सोबत प्रशिक्षक. (कावाउची गंमत म्हणजे या व्यवस्थेबाहेरचा.) त्यामुळे मधल्या फळीतले धावपटूही टिकतात. तोटा इतकाच की कंपनीला नवीन वर्षाच्या दिवशी होणारी सांघिक रिले शर्यत, एकिदेन, फार महत्त्वाची वाटते आणि मॅरेथॉनची तयारी त्या वेळापत्रकात बसवावी लागते. बक्षिसाच्या आशेवर राहण्यापेक्षा मी असतो तर हेच निवडलं असतं.