विम्याचं गणित आणि काकांचा प्रश्न

प्रश्न: मी सांगलीत बीएस्सी स्टॅटिस्टिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे अ‍ॅक्च्युरियल सायन्समध्ये एमएस्सी करावं असं डोक्यात आहे, पण काका म्हणतात विमा विकायला एवढं शिकायची काय गरज. मैत्रीण म्हणते डिग्रीच्या नादी लागू नकोस, सरळ अ‍ॅक्च्युरीच्या परीक्षा दे. गणित फार अवघड असतं का? – एक वाचक

उत्तर: काकांवर चिडू नकोस गं. मी हा विषय घेतला तेव्हा शेजारच्या काकूंनी लगेच माझ्याकडे पॉलिसी काढायची तयारी दाखवली होती, कमिशन घरातल्यालाच मिळू दे म्हणाल्या. एजंट पॉलिसी विकतो, पण हप्ता किती ठेवायचा आणि तीस वर्षांनी पैसे द्यायची वेळ आली की कंपनीकडे ते असतील का, हे बघतो तो अ‍ॅक्च्युरी. आपल्याकडे प्रत्येक आयुर्विमा कंपनीला असा माणूस नेमावाच लागतो.

आता गणित. वही घे. हजार माणसं, प्रत्येकाला दोन वर्षांसाठी १० लाखांचं कव्हर हवंय. समजा पहिल्या वर्षी १ जण जाणार, दुसऱ्या वर्षी ३, व्याज ७ टक्के, हप्ता वर्षाच्या सुरुवातीला घ्यायचा, क्लेम वर्षअखेरीला द्यायचा (आकडे मी सोपे धरलेत, खरे नाहीत). दोन्ही वर्षांचे क्लेम आजच्या किमतीत आणले, म्हणजे ते भागवायला आज किती बाजूला ठेवावे लागतील ते काढलं, की होतात साधारण ३५ लाख ५५ हजार, आणि दोन्ही वर्षी सारखाच हप्ता घ्यायचा तर तो येतो माणशी सुमारे १८३८ रुपये. पहिल्या वर्षी १८ लाख ३८ हजार जमले, व्याजासकट १९ लाख ६७ हजारच्या आसपास झाले, त्यातून १० लाख दिले, उरले ९ लाख ६७ हजार. काकांना वाटेल हा कंपनीचा नफा! पण पुढच्या वर्षी ९९९ जणांचे हप्ते त्यात घालून व्याज धरलं की बरोबर ३० लाख होतात आणि ते तीन घरांत जातात. त्या मधल्या ९ लाख ६७ हजाराला रिझर्व्ह म्हणतात. पुढे कितीही भारी समीकरणं आली तरी बराचसा खेळ याच रकमेचा असतो, फक्त दोनच्या जागी तीस वर्षं असतात.

गंमत म्हणजे ह्यातलं बरंच जुनं आहे. धूमकेतूवाल्या हॅलीने १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ शहराच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींवरून लाइफ टेबल, म्हणजे कुठल्या वयापर्यंत किती जण जगतात याचा तक्ता केला, १८२५ मध्ये गॉम्पर्ट्झ नावाच्या गणितज्ञाने दाखवलं की मोठेपणी मृत्यूचा धोका चक्रवाढ व्याजासारखा वाढत जातो. फायनान्सचा भाग मात्र नवा, आणि खरं सांगायचं तर मला तोच जड गेला, कारण वर आपण ७ टक्के धरून मोकळे झालो पण व्याजदर काही आपलं ऐकत नाही, मग ब्राउनियन मोशन (कसंही वरखाली होणाऱ्या गोष्टींचं गणित) येतं, १९७३ चं ब्लॅक-शोल्स (शेअर बाजारातल्या ऑप्शनची किंमत काढायचं सूत्र) येतं, आणि प्रोबॅबिलिटी कच्ची असेल तर तिथे पाय घसरतो. एका पेपरात मी दोनदा आपटलोय, दोन्ही वेळा सूत्रं पाठ होती, अर्थ कळला नव्हता.

मैत्रिणीचं अर्धं बरोबर आहे. नुसत्या एमएस्सीने अ‍ॅक्च्युरी होता येत नाही, फेलो, म्हणजे पूर्ण पात्रतेचा सभासद व्हायला इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युरीज ऑफ इंडियाच्या परीक्षा द्याव्याच लागतात. आत शिरायला एसेट नावाची प्रवेश परीक्षा, ती बारावीनंतर देता येते, पुढे डझनभर पेपर, आणि बहुतेक जण ते नोकरी सांभाळून देतात त्यामुळे वर्षं कशी जातात कळत नाही. पण डिग्री सोडायला मी सांगणार नाही. पेपर अडकले तरी स्टॅटिस्टिक्सच्या जोरावर बँकेत, डेटाच्या कामात नोकरी लागते, आणि परीक्षेत जे एका ओळीत गृहीत धरलेलं असतं ते वर्गात कुणीतरी फळ्यावर सोडवून दाखवतं. एमएस्सीचं पुढच्या वर्षी बघू. आत्ता बीएस्सी नीट कर, जमलं तर तिसऱ्या वर्षात एसेट देऊन टाक, एक्सेल आणि आर (R, स्टॅटिस्टिक्ससाठीची प्रोग्रॅमिंग भाषा) ह्या दोन्हींवर हात बसव कारण काही पेपर कॉम्प्युटरवरच सोडवायचे असतात.

आणि वरचा हिशोब दोनऐवजी पाच वर्षांचा करून बघ, मृत्यूंचे आकडे तूच ठरव. शेवटच्या वर्षाअखेर शिल्लक शून्याच्या जवळ आली नाही तर वही पाठव, कुठे चुकलं ते बघू.