हालचालीतला 'हाल' आणि 'चाल'

प्रश्न असा आला आहे: सूक्ष्मजीवशास्त्राच्या वहीत एका विद्यार्थिनीनं लिहिलं, 'थेंबात जीवाणूंची हालचाल दिसली.' तपासताना ते वाक्य खोडलं गेलं आणि वर शेरा आला, 'हे जीवाणू अचल आहेत.' पण सूक्ष्मदर्शकाखाली तर एकूण एक पेशी हलत होती. मग तिचं चुकलं काय? आणि 'मोटिलिटी'ला, म्हणजे स्वतःच्या शक्तीनं जागा बदलण्याच्या क्षमतेला, मराठीत म्हणायचं तरी काय?

तिनं पाहिलं ते खरंच होतं. घोटाळा 'हालचाल' या शब्दात आहे, कारण तो एक शब्द नाही, दोन आहेत: हालणे आणि चालणे. (हिंदीत 'हालचाल' विचारतात तो निराळा, त्यातला 'हाल' अरबी आहे.) एरवी ही दोन क्रियापदं जोडीनं वापरली तर काही बिघडत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र नेमकी हीच जोडी फोडावी लागते.

मराठी बोलणारा माणूस हा भेद न शिकता पाळतो. पान हलतं, पडदा हलतो. मुंगी चालते. आणि घड्याळही चालतं! त्याला पाय नसले तरी आपण 'चालतं' म्हणतो, कारण त्याला चालवणारी शक्ती त्याच्या आत आहे. बंद पडलेलं घड्याळ हातात घेऊन हलवलं, तर ते हलतं, चालत नाही. मला या उदाहरणाइतका नेमका खुलासा दुसरा सापडलेला नाही.

थेंबातही तेच आहे. पाण्याचे रेणू सतत सगळीकडून धडका देत असतात. कण मोठा असेल तर त्या धडका एकमेकींना निष्प्रभ करतात. मायक्रोमीटरभर (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या) आकाराच्या कणाला मात्र त्या कधी इकडून, कधी तिकडून जास्त बसतात आणि तो जागच्या जागी थरथरतो. हीच ब्राउनीय गती. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८२७ साली क्लार्किया पुल्चेला या वनस्पतीच्या परागकणांमधले बारीक कण पाण्यात असेच हलताना पाहिले. 'परागकण नाचत होते' असं सर्रास लिहिलं जातं, ते बरोबर नाही; परागकण त्यासाठी फार मोठे. नाचत होते ते त्यांच्या आतले कण. ब्राउनलाही आधी वाटलं, हे जिवंतपणाचं लक्षण असावं. मग त्यानं फार पूर्वी सुकलेल्या वनस्पती घेतल्या, काच घेतली, दगडांची पूड घेतली, अगदी इजिप्तच्या स्फिंक्सचा एक कपचाही. सगळ्यांचे कण हलले. म्हणजे आपल्या विद्यार्थिनीला पडलेलं कोडं ब्राउनलाही पडलं होतं, आणि दगड वाटून त्यानं ते सोडवलं.

आता 'चाल'. ई. कोलाय हा जीवाणू जेमतेम २ मायक्रोमीटर लांब, पण सेकंदाला २० ते ३० मायक्रोमीटर पोहतो. त्याच्या कशाभिकांच्या, म्हणजे पोहण्यासाठीच्या शेपटीसारख्या धाग्यांच्या (कशा म्हणजे चाबूक; फार देखणा शब्द आहे हा), बुडाशी खरोखरीची फिरती मोटर असते आणि ती प्रोटॉनांच्या प्रवाहावर चालते. 'चालते' हे क्रियापद इथे किती सहज बसलं पाहा. याउलट १ मायक्रोमीटरचा निर्जीव कण पाण्यात सेकंदाभरात साधारण १ मायक्रोमीटर ढळतो, आणि १० मायक्रोमीटर ढळायला त्याला दहा नव्हे, शंभरेक सेकंद लागतात. थरथर खूप, मजल थोडी.

तिसरं एक क्रियापद विसरू नये: वाहणे. काच कललेली असली किंवा थेंब कडेनं सुकू लागला, की प्रवाह सुरू होतो आणि सगळे कण एकाच दिशेनं निघतात. नवख्याला हे पोहणं वाटतं. अशा वेळी एका पेशीकडे न पाहता शेजारच्या दोघींकडे पाहावं. दोघी बरोबरीनं सरकत असतील तर त्या वाहताहेत. एक दुसरीला ओलांडून गेली, उलट वळली, प्रवाहाविरुद्ध निघाली, तर ती पोहते आहे. तरीही शंका उरली तर त्याच जीवाणूंचा फॉर्मॅलिननं मारलेला नमुना शेजारी ठेवावा. मेलेल्या पेशीही हलतात, वाहतात, पोहत नाहीत.

ब्राउनीय गतीला नुसतं 'यादृच्छिक गती' म्हणून वेगळं काढायचा मोह होतो. मला ते पुरेसं वाटत नाही. ई. कोलाय साधारण सेकंदभर सरळ धावतो, सेकंदाच्या दहाव्या भागापुरता कोलांटतो आणि भलत्याच दिशेला पुन्हा धाव घेतो. मिनिटभराचा त्याचा मार्ग कागदावर काढला तर तोही यादृच्छिकच दिसेल. फरक वाटेच्या वेडेवाकडेपणात नाही, ढकलतं कोण यात आहे.

म्हणून 'मोटिलिटी'साठी मी 'चलनक्षमता' घेईन. 'गतिशीलता' नको, ती थरथरणाऱ्या कणातही आहे. 'स्वयंचलन' अर्थानं जवळचं, पण 'स्वयंचलित' म्हटलं की डोळ्यांपुढे यंत्र येतं. 'चलन' म्हणजे नाणंही, ही अडचण खरी. पण 'चलनक्षम जीवाणू' वाचून कोणी नोटा मोजायला बसणार नाही. 'जंगम' हा जुना शब्द मला मनापासून आवडतो, पण 'स्थावर-जंगम मालमत्ते'नं तो कधीच अडवून ठेवला आहे.

शेऱ्यातला 'अचल' मात्र मला खटकतो. अचल म्हणजे पर्वत, ढिम्म न हलणारा. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू पोहत नाही, पण थेंबात तो क्षणभरही स्थिर नसतो. 'अचलनक्षम' लिहावं, किंवा 'चलनक्षम नाही' असं सरळ. वहीतलं वाक्य मी असं दुरुस्त केलं असतं: 'पेशी जागच्या जागी थरथरताना दिसल्या, एकही स्वतःहून पोहताना दिसली नाही.'