डिजिटल व्यवहारांमुळे खानदेशात सरकारी कामं आणि धंदा यात खरंच काही बदललं का?

हो, बदललं. सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे चकरा मारणं बरंच कमी झालं. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मोबाईलवर मिळतो. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून कपाशीचा फोटो टाकतो.

धंद्यातला बदल मला जास्त मोलाचा वाटतो. रावेर-यावलकडे केळी कापायची तर पूर्वी व्यापारी सांगेल तोच भाव. आता बऱ्हाणपूरच्या लिलावाचा भाव त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर येतो, त्यामुळे शेतकरी घासाघीस करू शकतो.

पण एक गोष्ट फार खटकते. देशातलं पहिलं आधार २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, आणि त्याच जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याच्या कितीतरी पाड्यांवर अजून धड रेंज नाही. रेशन दुकानात मजुरीने झिजलेला अंगठा मशीन घेत नाही. म्हातारी पदराला बोट पुसून पुन्हा पुन्हा दाबत राहते, मागे रांग खोळंबते. यासाठी कुणाचंही धान्य अडता कामा नये. अंगठा उमटत नसेल तर डोळे स्कॅन करायला किंवा ओटीपी घ्यायला सांगा. तरी नाही म्हटलं तर तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.